चादरींचं तळं

टेकडीखालच्या माळावर गोल्फचा क्लब निघाला, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे चादरीमावशींच्या दोऱ्या होत्या. नवरा अकाली गेलेला, पदरात दोन मुली. मावशी इस्पितळाच्या चादरी धुवायच्या. धुणं घरामागे उरकायचं, पण वाळवायला मोकळा वारा हवा, आणि तो गावात फक्त त्या माळावर.

मालकाने माळ क्लबाला विकला. डॉक्टर, वकील, गिरणीचे मॅनेजर काठ्या घेऊन उतरले. चेंडू ज्यात घालायचा, त्यातल्या एका खळग्याची वाट नेमकी दोऱ्यांवरून जायची. चेंडू चादरीवर चिखलाचा शिक्का मारून खाली पडायचा आणि मावशी तीच चादर पुन्हा पिंपात बुडवायच्या.

क्लबाचे चिटणीस आले. "मावशी, दोऱ्या हलवा. खेळात येतात."

"अहो, तुमचा खेळ माझ्या धुण्यात येतो. माझं धुणं कधी तुमच्या मागे धावलं?"

चिटणीस हसले खरे, पण उद्घाटनाच्या सामन्याआधी माळ मोकळा करा, असं बजावूनच गेले.

घरात वाळलेली चादर कुबट. कुबट चादर इस्पितळ घेणार नाही. मग खायचं काय? थोरली म्हणाली, "जाऊन भांड." धाकटी म्हणाली, "पाया पड." मावशी दोन्हींतलं काहीच न करता पालथ्या बादलीवर बसून खेळ बघत राहिल्या. रोज, कपडे वाळेपर्यंत. मुलींना वाटलं, आईने हाय खाल्ली.

मग एका संध्याकाळी, हात पुसत, त्या थेट क्लबाच्या कमिटीच्या खोलीत शिरल्या.

"तुमचा चेंडू माळावरच्या तळ्यात जातो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"दंड म्हणून एक फटका जास्त मोजतो, नवा चेंडू बाजूला टाकतो आणि खेळतो," म्हातारे डॉक्टर म्हणाले.

"तळं नाही ना हलवत?"

"तळं कसं हलवणार?"

"मग मलाही तळंच समजा की!"

खोलीभर हसू फुटलं. डॉक्टर मात्र हसता हसता थांबले. "बाई म्हणतात ते बसतंय आपल्या नियमात," ते म्हणाले. चिटणिसांनी नाक मुरडलं, पण नियम झाला: दोऱ्या जागच्या जागी राहतील आणि चादरीत गेलेला चेंडू तळ्यात गेला असं धरलं जाईल.

उद्घाटनाच्या सामन्यात क्लबाच्या अध्यक्षांचाच चेंडू चादरीत फटकन बसला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "मावशी, एवढा एक दंड सोडा ना. आजचा दिवस!"

मावशींनी चेंडू पुसून त्यांच्या हातावर ठेवला. "साहेब, तळ्याशी कोणी घासाघीस करतं का?"

अध्यक्षांनी आपल्या मोजणीत एक फटका वाढवून घेतला. मावशींनी डागाळलेली चादर चिमट्यांतून सोडवली, खांद्यावर टाकली आणि जाता जाता उरलेल्या चादरी वाऱ्याच्या अंगाने नीट ताणून घेतल्या.