कादंबरी म्हणा

"बाईंनी जे भोगलं तेच लिहिलं. यात कल्पनेला जागाच नाही." अध्यक्ष माईकवर बोलले आणि माझ्याकडे वळले. "ताई, जरा पदर बाजूला करून तो हात दाखवता का लोकांना?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्ध्यातला हॉल, माझ्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन. तिच्यातल्या बाईला नवरा तापल्या उलथण्यानं हातावर डागतो. ती बाई आपली गोष्ट 'मी' म्हणून सांगते. मी रडले, मी भांडले, मी घर सोडलं. बस्स. तेवढ्यावरून साऱ्यांनी धरून चाललं की ती बाई म्हणजे मीच.

आणि तिसऱ्या रांगेत आमचे हे बसलेले! नालवाडीहून मला सायकलवर डबलसीट घेऊन आलेले. इस्त्रीचा शर्ट घालून. भाजी करपली तर उलट मलाच विचारणारा माणूस, "तुयी तब्येत बरी हाय नं?" अख्खा हॉल माना वळवून त्यांच्याकडे बघू लागला. शेजारची बाई तर खुर्ची सोडून उठली.

माझ्या हातावर डाग नव्हता. मग मी काय केलं, सांगू? हात दाखवून द्यायचा, तर लाजेनं पदर आणखी घट्ट लपेटला. लोकांना वाटलं, डाग लपवते. टाळ्या वाजल्या.

घरी येताना हे सायकल हातात धरून पायी चालले.

"पुस्तकात मले काऊन घातलं वं?"

"तुमाले नाई घातलं जी. ते बनवलेलं हाय."

"मंग तिथं सांगितलं काऊन नाई?"

त्यानंतर त्यांनी माझ्या कुठल्याही कार्यक्रमात पाऊल ठेवलं नाही. मोहल्ल्यात लोक कुजबुजायचे, ते खाली मान घालून कामावर जायचे.

मी चौथीपर्यंत शिकलेली. आमचं घर बौद्ध. दवाखान्यात आया होते, रोग्यांचे नातेवाईक विसरून गेलेली पुस्तकं वाचत वाचत लिहू लागले. दुसरी कादंबरी लिहिली ती हायवेवरच्या जाम गावच्या चौकातल्या ढाब्यावर झालेल्या खुनाची. खुनी शेवटच्या पानापर्यंत कळत नाही, बरं का! पुण्याच्या प्रकाशकानं परत पाठवली. सोबत चिठ्ठी : "आपल्याकडून रहस्यकथा अपेक्षित नाही. आपण आपल्या समाजाचं दुःख लिहावं." अपेक्षित नाही म्हणे! जसं काही दुःखाचं रेशनकार्डच माझ्या नावावर.

तिसरी, एका व्यापारी घरातल्या विधवा सुनेच्या प्रेमाची. एक प्राध्यापक तोंडावर म्हणाले, "त्या घरातलं तुम्हाला काय ठाऊक?"

ठाऊक नव्हतं, म्हणून तर रचलं! रचायला जी अक्कल लागते, ती काय तुमच्याच घरात जन्मते? तुमचा लेखक आमच्या वस्तीत चार दिवस वही घेऊन फिरतो आणि आमच्यावर जाडजूड कादंबरी लिहितो. त्याला कोणी विचारतं का, बाबा, तू भोगलंस का? नाही. त्यानं रचलं तर प्रतिभा. मी रचलं तर एक तर खोटं, नाहीतर अनुभव.

चौथी आली तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. त्यातला 'मी' म्हणजे एक मिशीवाला म्हातारा टांगेवाला. आणि तिला पुरस्कार जाहीर झाला. पत्रात लिहिलेलं, "आपल्या प्रांजळ आत्मकथनास." आत्मकथनास! पहिलं पान तरी उघडलं होतं का कोणी? मुखपृष्ठावरचं माझं आडनाव वाचलं आणि विभाग ठरवला.

मी गेले. मुद्दाम गेले. शाल अंगावर पडायच्या आधी माईक धरला.

"मले एक सांगा. टांगा हाकताना मी तुमाले कधी दिसली? मिशी तरी दिसली का?"

हॉल हसला. संयोजक कानाशी आले, "ताई, विभागाचं काय एवढं? मान तर मिळतोय ना."

"हा मान नाई भाऊ. कादंबरी म्हणा, मंग बोलावजा. आन् आईका सारे, माह्या पयल्या पुस्तकातलं उलथणं मीनं बनवलं होतं. माह्या नवऱ्यानं माह्यावर कधी बोट उचललं नाई."

आता कोणी हसलं नाही. शाल, नारळ तिथंच टेबलावर ठेवून मी पायऱ्या उतरले.

हे ऐकायला आमचे हे नव्हते. दोन वर्षं आधीच गेले. माझं एक वाक्य दहा वर्षं उशिरा आलं. त्याची माफी मी आणखी कोणाकडे मागणार नाही, आणि तुम्ही त्यांना दोषी धरलंत त्याची माफी तुम्हालाही देणार नाही.

हे एवढं एकच मी भोगलेलं लिहिलं. कोणी मागितलं म्हणून नाही, मला सांगायचं होतं म्हणून. यापुढे भोगलेलं मिळणार नाही. खून रचीन, प्रेम रचीन, राजे आणि चोर रचीन. ज्या घराचं दार माझ्यासाठी कधी उघडलं नाही, त्या घराच्या माजघरात बसून लिहीन. परवानगी विचारणार नाही.