ताईच्या कॉम्प्युटरची रॅम

खोडरबराचा वास आला की मला कारखान्यांशेजारच्या सालवड गावातली आमची खोली आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ताई आणि मी तिथेच राहायचो आणि दोन जुन्या कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करायचो. मराठी मजकुराची चार पानं झाली की दोन्ही अडकायचे आणि सगळं पुसलं जायचं. गिऱ्हाईकं तुटत चालली होती. रॅम, म्हणजे मेमरी, कमी पडायची; नवी परवडणं शक्यच नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, "एक का रॅम निकालके दूसरे में डालो, नहीं तो दोनों गए." मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "ताई, थांबूया ना अजून." "थांबून आता कोन येनार नाय," ती म्हणाली. तिने स्वतःच्या कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी काढली, कारखान्यांच्या हवेने काळवंडलेल्या पिना खोडरबराने घासल्या आणि ती पट्टी माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. माझा चालला. "मी जाते कंपनीत पॅकिंगला," एवढंच बोलली. सकाळी डबा घेऊन निघताना सवयीने तिने आपल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. रॅम नसली की तो नुसता पीप पीप करत राहतो. ती ऐकत उभी राहिली, मग बटण बंद करून गेली. परवा लॅपटॉपच्या दुकानात पोरगा म्हणाला, "मॅडम, मेमरी वाढवून देऊ?" माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाची काढून?"