सोनूमामांच्या पहारेकऱ्यांचा संप

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उभं राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक रिकामी बाटली घेऊन येतात आणि किस्सा ठेवून जातात. लालबागच्या आमच्या दवाखान्यातले निम्मे तर एकट्या सोनूमामांचेच.

मामा मालवणकडचे, गिरणीत मागावरचे साचेवाले, वीस वर्षं अफूची गोळी घेणारे. एकदा डॉक्टरांना म्हणाले, "माका तुरुंगात जावचा आसा."

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात त्यांच्या खात्यातले सगळे नावं देत होते. "थंय अफू मिळाची नाय. म्हणान आधीच सोडतंय." मागच्या खेपेला अफूच्या गोळीपायी ते घरी राहिले होते, आणि ते त्यांच्या फार मनाला लागलं होतं.

*

दुसऱ्याच दिवशी शिंका, नाकाडोळ्यांना धार, अंगावर काटा. चाळीने काढा पाजला. डॉक्टर म्हणाले, "ही सर्दी नाही, अफू सुटल्याचं लक्षण आहे."

दोन आठवड्यांनी पुन्हा शिंका. डॉक्टर म्हणाले, "ही मात्र सर्दी."

मामा म्हणाले, "मगे त्या खोट्या सर्दीचो काढो हिका चलात?"

*

मग गळू झालं, डोळे आले. डॉक्टरांनी समजावलं, "अफू एकदम सोडली की रोगांना अडवणारे शरीरातले पहारेकरी काही दिवस ढिले पडतात. संपावर गेल्यासारखे."

मामा युनियनचे. "तेंच्या मागण्या काय?"

"अफू."

मामांनी बराच विचार केला. "मंजूर नाय म्हणान सांगा."

*

चाळीतली कुठलीही साथ आधी मामांना गाठायची. कामावर येताना मी त्यांच्या खोलीत डोकावायचो. ते खोकत असले की खोकल्याचं मिक्श्चर जास्त बनवायचं, पोट धरून बसले असले की जुलाबाचं. डॉक्टर म्हणायचे, "हे बरे झाले तर आपली पंचाईत आहे."

*

सत्याग्रहाच्या दिवशी मामांना गालगुंड झालं, पंचावन्नाव्या वर्षी! तरी गेले. डॉक्टरांनी मला त्यांच्या मागोमाग धाडलं.

पोलिसांची गाडी आली. मामा सगळ्यांत आधी चढले. इन्स्पेक्टरने त्यांचे गाल पाहिले. "हे काय?"

"गालगुंड. लागण होते," मी म्हटलं.

"उतरा. घरी जा."

मामांनी गज धरला. जबडा उघडत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "साहेब, तुरुंगात यायचं म्हणून त्यांनी वीस वर्षांची अफू सोडलीय."

 इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाला, "ह्यांना एकट्यालाच गाडीतून न्या. बाकीचे चालत येतील. त्यांना कुठं पळून जायचंय?"

गाडी सावकाश निघाली. आत मामा एकटे. ते जाळीमागून मूठ वर करत, आणि मागून चालणारी सगळी तुकडी त्यांच्या वतीने घोषणा देई.