तळ्यावर जळणारा नवरा

नवरा-बायकोमध्ये तिसरं कोणी आलं की किस्से जमायला वेळ लागत नाही. आमच्यात तळं आलं. हसू नका! दुसरा माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. तळ्याशी भांडणार कसं?

शुभांगी, माझी बायको, परिसंस्थेचा अभ्यास करते. म्हणजे तळं, त्यातलं गवत, मासे, किडे, पाखरं आणि आजूबाजूचं धान हे सगळं एकमेकांवर कसं जगतं, ते बघते. गोंदियाजवळच्या आमच्या गावातलं जुनं तळं हेच तिचं ऑफिस. मी कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. आमचं कसं जमत असेल, ते कळलंच असेल. माझं मागणं एकच: तिनं एकदा तरी तळं सोडून माझ्याकडे यावं.

*

लग्नानंतर पहिला फ्रीज घेतला. मी हौसेनं रबडी आणून वरच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी बघतो तर तिथे ओळीनं बरण्या, आणि बरण्यांत तळ्याचा गाळ! रबडी बाहेर ओट्यावर, आंबलेली.

"गाळ थंडच ठेवावा लागतो," ती म्हणाली.

"आणि रबडी?"

"ती खाऊन टाकायची असते."

*

दुकानात एक शेतकरी तुडतुड्याचं औषध घ्यायला आला. मी बाटली काढली, पिशवीत घातली. तर म्हणतो, "भाऊ, मॅडमले फोन लावता का? मारू का नोको, इचारतो."

माझं दुकान, माझा फोन! लावला. स्पीकरवर बायको म्हणाली, "थांबा, आधी धानात कोळी किती आहेत ते बघा. तेच तुडतुड्यांना खातात."

"पायतो जी," म्हणाला आणि बाटली तिथंच ठेवून गेला. कोळ्यानं धंदा बुडवलेला दुकानदार अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन.

*

एकदा तापानं फणफणलो होतो. ती उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. खरं सांगतो, ताप उतरूच नये असं वाटत होतं. तेवढ्यात सुखदाबाईचा फोन. तळ्यात माजलेली बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी उपटणाऱ्या ढिवर, म्हणजे मासेमार बायकांची ही म्होरकी.

"मॅडम, मासे वर येऊन तोंड उघडून रायले!"

पट्टी कपाळावर राहिली आणि बायको तळ्यावर गेली. दुपारी चिखलानं माखून परतली, पण चेहरा उजळलेला.

"वाचले!"

"मी?"

"मासे."

*

ग्रामपंचायतीत तिचं भाषण झालं. "तळ्यातून तेवढंच घ्या, जेवढं तळं पुन्हा भरून काढेल. शाश्वत म्हणजे दुसरं काही नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी आजवर कोणी टाळी वाजवलेली नाही. मी जाम जळलो.

घरी आल्यावर म्हटलं, "माझ्याकडूनही घेतच असतेस. मी कधी भरून निघणार?"

तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "तुमचा अभ्यास करायचा राहूनच गेला," आणि भाजी चिरायला लागली.

*

गेल्या पावसाळ्यात मात्र कमाल झाली. सारसांच्या जोडीनं घरटं केलं ते माझ्या शेतात! ऐन धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात. शुभांगी दुर्बीण आणि छत्री घेऊन धावत आली आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर ठाण मांडून बसली. मी त्या बांधीत फवारणी बंद केली, मजुरांना पाय ठेवू दिला नाही. औषधं विकणारा मी!

रोज दुपारी दुकान बंद करून डबा घेऊन जायचो. पाखरं बुजू नयेत म्हणून ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजायची, "बघा, नर-मादी पाळीपाळीनं अंड्यावर बसतात." लग्न झाल्यापासून ती माझ्याशी इतकं हळू कधी बोलली नव्हती. मध्येच सुखदाबाईचा फोन आला, तो मी उचलला. "मॅडम फिल्डवर आहेत," म्हटलं आणि कापला. काय गोड वाक्य आहे हो ते!

मग अंडं फुटलं. थोड्याच दिवसांत जोडी पिल्लाला घेऊन चालत चालत नाल्याकडे निघून गेली. शुभांगीनं दुर्बीण पुसून कपाटात ठेवली. संपलं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती छत्री घेऊन निघाली, तेव्हा कुठे जातेस म्हणून विचारलंही नाही. विचारायचं काय, तळंच!

दुपारी सुखदाबाई दुकानात आली. तोंड फुगलेलं.

"भाऊ, मॅडमले तळ्यावर काऊन येऊ देऊन नाई रायले तुमी?"

"मी? अहो, ती तळ्यावरच आहे."

"कायची तळ्यावर! तुमच्या बांधीवर बसून हायेत, आत्ताच पाहून आली मी. सारस नाई, पिल्लू नाई, हातात दुर्बीण बी नाई. मंग तिथं कायले बसून रायल्या जी?"

मी समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या ये म्हटलं, डबा उचलला आणि शटर खाली ओढलं.