पेट्राच्या ऐन मधोमध खोली

आमच्या घरी प्रवासाचं प्लॅनिंग मी करत असे. हा रीती भूतकाळ आहे.

मी ठाण्याच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात तीस वर्षं काढली. त्यामुळे आपल्याला प्लॅनिंग येतं असा माझा समज होता. (कारखाना नंतर बंद पडला. त्याची कारणं वेगळी होती, असं मी आजही सांगतो.) बायको नीला कळव्याच्या शाळेत इतिहास शिकवायची. शिक्षकांच्या खोलीतल्या तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. लालसर डोंगरात कोरलेला एक प्रचंड दरवाजा. जॉर्डनच्या वाळवंटातलं पेट्रा, दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर. निवृत्त झाली त्या दिवशी ते चित्र अलगद सोडवून घरी आणलं आणि मला म्हणाली, "अहो, हे एकदा बघायचंय हां मला."

तिने माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. म्हणून मी ठरवलं, हे आपण स्वतः करायचं!

इजिप्तची आठ दिवसांची टूर आधीच ठरलेली. टूर संपली की बाकीचे घरी जाणार आणि आम्ही दोघं बोटीने सीमा ओलांडून जॉर्डनला. दोन रात्री पेट्रा, परत बोट, परत इजिप्त, मग डोंबिवली. (इजिप्तमध्ये दोनदा शिरायचा व्हिसा मी न विसरता घेतलेला. हे आत्ताच नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही येत नाही.)

नेटवर खोली शोधायला बसलो, तर जो तो 'वादी मुसा, वादी मुसा' दाखवायला लागला. आता आपल्याला जायचंय पेट्राला, तर वादी मुसात राहून काय करू? मी एकेक करून सतरा हॉटेलं नाकारली. अठरावं सापडलं. पत्ता थेट पेट्रा! ऐन चौकात! आणि भाडं वादी मुसाच्या निम्मं! फक्त पैसे परत मिळणार नाहीत अशी अट होती. पण परत मागतोय कोण? मी बटण दाबून मोकळा झालो.

रात्री जेवताना मुलीला, ऋजुताला, फोटो दाखवले.

"बाबा, वाळवंटात द्राक्षाचे मळे?"

"ओअ‍ॅसिस असतं ते."

"आणि ही पवनचक्की?"

"वाळवंटात वारा नसतो का?"

"बाबा, न्याहारीला डुकराचं मांस लिहिलंय. जॉर्डनमध्ये?"

"टूरिस्टांसाठी असेल गं! तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी काढायचंच असतं."

हॉटेलवाल्या बाईचं मोबाइलवर पत्र आलं, खाली सही मार्गारिता. मी म्हटलं, लग्न करून आली असेल तिकडे. पत्रातलं निम्मं मला कळेना. मला वाटलं, अरबीच आहे, फक्त इंग्रजी लिपीत लिहिलीय. उलट त्या लोकांचं कौतुक वाटलं!

मग मी बोलत सुटलो. सोसायटीच्या गच्चीवर, वाण्याकडे, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा. "एजंट-बिजंट काही नाही हो, सगळं आपलं आपण. लोक लांब वादी मुसात राहतात, आम्ही ऐन मधोमध." निघायला दोन आठवडे राहिले तेव्हा मी एका रविवारी घरी शेवटची मीटिंग ठेवली. बाळकुमहून मेहुणा विवेक आला. त्याला पुढच्या वर्षी जायचं होतं, म्हणून माझ्याकडून शिकायला आलेला! मी वेळापत्रक छापून भिंतीवर लावलेलं. मिसळ खाता खाता मी एकेक कलम समजावत होतो.

"दाजी, बोटीतून उतरल्यावर पुढे?" विवेकने विचारलं.

"टॅक्सी. ड्रायव्हर ठरलाय. अबू सामी. थांब, तुझ्यासमोरच पत्ता पाठवतो." मी हॉटेलचा पत्ता पाठवला.

दोन मिनिटांत अबू सामीचाच फोन आला. मी स्पीकर लावला. सगळ्यांना कळू दे आपली पोच!

"सर, धिस पेट्रा, स्पेन."

"नो पेन, नो पेन!" मी म्हणालो. "वुई आर सीनियर सिटिझन, बट वॉकिंग ओके!"

"नो सर. स्पेन. कंट्री. आय हॅव कार, सर. आय हॅव नो एरोप्लेन."

पलीकडे कोणीतरी खदाखदा हसलं. बहुतेक सगळं जॉर्डनच. विवेकच्या हातातला पाव रश्श्यात पडला. ऋजुताने मोबाइलवर नकाशा उघडला आणि माझ्यासमोर धरला. स्पेनचं एक बेट, त्या बेटावर पेट्रा नावाचं एक गाव, त्यात चौक आणि चौकात आमची खोली. ऐन मधोमध!

"आणि बाबा, वादी मुसा म्हणजे पेट्राचंच गाव," ती हळूच म्हणाली. "हॉटेलं सगळी तिथेच असतात. तिथून चालत जातात."

मी नीलाकडे बघितलं. तिने मिसळीची ताटली बाजूला ठेवली. उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाजही येईना, तेव्हा मात्र माझी फाटली. तिने डोकं फोडलं असतं तरी बरं वाटलं असतं. पस्तीस वर्षं पोरांना जगाचा इतिहास शिकवला तिने, आणि भारताबाहेर गेली ती एकदाच, नेपाळला. तेही मीच प्लॅन केलेलं, म्हणून पशुपतिनाथ राहिलं. मी विवेकसमोर मान खाली घालून मटकी चिवडत बसलो.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. चष्मा लावलेला, हातात लाल पेन.

"तो नंबर द्या."

"कुणाचा?"

"दोघांचा."

आधी तिने मार्गारिताला मोबाइलवर पत्र लिहिलं. काय झालं ते सरळ, एकही सबब न देता. मी लिहिलं असतं तर ऑफिसची चूक, नेटवर्कची चूक, असं काहीतरी घातलं असतं. संध्याकाळी उत्तर आलं, साध्या इंग्रजीत: 'तुमच्या मिस्टरांसारखा पाहुणा मला पहिल्यांदाच मिळाला. तुमची खोली वर्षभर तुमचीच आहे, कधीही या.' मग नीलाने अबू सामीला फोन लावला. हंगाम होता, वादी मुसा भरलेलं. माझी सतरा हॉटेलं एव्हाना दुसऱ्यांनी घेतलेली. पण तासाभरात तिने त्याच्या मेहुण्याच्या घरातली वरची खोली मिळवली. खिडकीतून शेजारच्या पाण्याच्या टाक्या दिसणारी. मग भिंतीवरचं माझं वेळापत्रक काढून त्याच्या पाठीवर स्वतःचं लिहिलं. ते चार ओळींचं होतं.

आणि आम्ही गेलो! बोट वेळेवर, टॅक्सी वेळेवर. अबू सामीने मला बघताच दोन्ही हात विमानासारखे पसरले आणि मग मिठी मारली. सकाळी त्या अरुंद घळीतून चालत निघालो. दोन्ही बाजूंनी उंच कातळ, वर आभाळाची एक पट्टी. वाट संपत आली आणि फटीतून तो लालसर दरवाजा दिसला. नीला थांबली. तिने माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग डोळे पुसून बोलायला लागली. हे लोक कोण, पाणी कुठून आणायचे, उंटांचे तांडे कुठून यायचे. वर्गात बोलायची तसं, मोठ्याने, हात हलवत.

मी मागे वळून बघतो तर ठाण्याहून आलेला एक अख्खा टूर ग्रुप तिच्याभोवती जमलेला! त्यांच्या गाइडसकट!

त्यातले एक काका माझ्या कानाशी आले. "काय हो, मराठी गाइड? एवढी चांगली? आमच्या एजंटला नाही मिळाली. कुठून बुक केलीत?"

"डोंबिवलीतून," मी म्हणालो. "पस्तीस वर्षांपूर्वी. बुकिंग आईने केलं होतं, म्हणून बरोबर झालं."