भोंग्यानंतर उघडं राहिलेलं दार

संपादक मंडळींनी हा लेख दसऱ्याआधी मागितला होता. तो आज देतो आहे, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. मी सातवीपर्यंत शिकलेला. पण खरं सांगायचं तर शिक्षणापेक्षा भीतीनं उशीर झाला. गणोजीराव अण्णांच्या पंचाहत्तरीच्या अंकात माझ्यासारख्यानं लिहावं का, हेच ठरत नव्हतं. कारण पुढं येईल.

अण्णांची पहिली ओळख राजाजीनगरातल्या आमच्या कारखान्याच्या गेटावर झाली. ते हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसचे हेड, मी त्यांच्या हाताखालचा गेटकीपर. सातचा भोंगा थांबला की गेट लावायचं, हा त्यांचा नियम. कुणी गयावया केली तर म्हणायचे, "आगगाडी थांबते काय तुझ्यासाठी? मग मी कोण थांबणारा?" कामगार त्यांना घाबरत, पण अण्णांनी स्वतःच्या माणसाला गुपचूप आत सोडलं, असं कुणी कधी म्हणू शकलं नाही.

सोमण्णा नावाचा एक फिटर होता. एका सकाळी तो धावत आला, तेव्हा गेट लागत होतं. "ओंदु निमिष, अण्णा, एकच मिनिट," असं कानडी-मराठीत म्हणून त्यानं हात जोडले. अण्णा घड्याळाकडं बघत राहिले. सोमण्णा बाहेरच उभा राहिला. दुपारी बघितलं तर नव्हता. दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर त्याचे काळे बूट होते. नीट जोडीनं ठेवलेले, चवडे आतल्या बाजूला. सोमण्णा पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच्या खोलीला कुलूप होतं. बुटांना कुणी हात लावला नाही, आणि आठवड्यानं तेही दिसेनासे झाले.

बऱ्याच वर्षांनी अण्णांचीच बस हेब्बाळला अडकली. ते पोचले तेव्हा भोंगा नुकता थांबला होता आणि गेट माझ्या हातात होतं. आदल्या दिवशी ते मला चारचौघांत टाकून बोलले होते. मी गेट लावलं. "अण्णा, भोंगा झाला," एवढंच म्हणालो. आत कुणीतरी हसलं.

"सरी, बरोबर आहे," अण्णा म्हणाले, "नियम माझाच आहे."

मग ते एक पाऊल बाजूला सरकले, शेजारच्याला जागा द्यावी तसे. शेजारी कुणीच नव्हतं. नोकरीची चार वर्षं बाकी असताना त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

पुढच्या मंगळवारी ते आमच्या समाजाच्या भवानीच्या देवळात गेले. पंचांनी पुढं बसवलं, तर म्हणाले, "मला चपलांजवळ जागा द्या." तेव्हापासून दर मंगळवारी ते तिथंच बसतात. प्रत्येकाचा जोड उचलतात, पुसतात, चवडे बाहेर करून ठेवतात. म्हणजे परत येणाऱ्याला वळावं लागत नाही. एकदा कारखान्याचे जुने मॅनेजर आले. "अहो गणोजीराव, तुम्ही हे काम?" अण्णांनी त्यांचे बूट घेतले आणि म्हणाले, "साहेब, टोकन सांभाळा. हरवलं तर गेट पास लागेल."

दुपारी एकला देऊळ बंद होतं. एकदा एक म्हातारी बाई एक वाजून गेल्यावर आली. तरुण पुजाऱ्यांनी दार ओढलं, तर पंचाहत्तरीला टेकलेल्या अण्णांनी त्यांच्यापुढं हात जोडले. "बाबा, दार स्वल्प उघडं असू दे. उशीर माझ्यामुळं झाला समजा." नंतर मला म्हणाले, "तिथं मी घड्याळ बघितलं, माणूस बघितला नाही. इथं आई पाय बघायला शिकवते."

गेल्या महिन्यात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते जे. पी. नगरला लेकीकडं आहेत. जाताना म्हणाले, "मंगळवारी तू बस. एक जोड मागं राहतो. त्याचा माणूस येईपर्यंत दार लावू नकोस." मी विचारलं, कुणाचा? ते पुसायचं फडकं माझ्या हातात देऊन निघाले.

पहिल्या मंगळवारी एकला सगळे गेले आणि काळे बूट उरले. आत जाऊन बघितलं, गाभाऱ्यापुढं कुणी नव्हतं. तसे बूट या गावात शेकड्यांनी असतील, हे मलाही कळतं. मी ते चवडे बाहेर करून ठेवले, पाणी पिऊन आलो, तर चवडे आत वळलेले. मी घाबरलो. दार लावलं आणि घरी गेलो. म्हणजे दुसऱ्यांदा लावलं, अण्णा. आठ दिवस जेवण गेलं नाही.

काल पुन्हा मंगळवार होता. बूट तिथंच होते. पुजाऱ्यांना हात जोडले, दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्याशी बसून जे तुम्हाला सांगायचं ते आईला सांगितलं: त्या दिवशी मी नियमासाठी गेट लावलं नव्हतं, रागानं लावलं होतं. आतून कुणीतरी सावकाश चालत आल्यासारखं वाटलं. मी मान वर केली नाही. केली तेव्हा बूट नव्हते.

अण्णा, तुमची दृष्टी साफ होवो, गुडघे धड राहोत, आणि आईनं तुम्हाला तिच्या दाराशी अजून पुष्कळ वर्षं बसवावं. ते बूट कुणी नेले हे तुम्हाला ठाऊक असेल. आणि मला माफ केलंत की नाही, हेही. मंगळवारच्या आत लेकीकडून निरोप पाठवा. तोवर दार उघडं ठेवून बसतो.