चपला घालून जा

मुख्याध्यापकांनी डिक्शनरी माझ्या अंगावर फेकली. छातीला लागून खाली पडली. शिपाई हसला. मी वाकून उचलली.

"वरथून विचारी ऱ्हायनात, पोरीसले कोनी चढावं? तुम्हना लोके कोनी चढावाबिगर कधी उठतस का, मास्तर? इंग्रजी येस ना तुले? मग लिख. त्या बाईनं नाव टाक."

तेव्हा मी नवापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायचो. आमच्या आदिवासी समाजाचा शिक्षक मी एकटाच. आदल्या दिवशी डाळीत अळ्या निघाल्या, म्हणून चाळीस मुली विसरवाडीपर्यंत चालत गेल्या आणि आदिवासी प्रकल्पाच्या साहेबांच्या गाडीसमोर बसल्या. 'ती बाई' म्हणजे आमची स्वयंपाकीण, शेवंताबाई.

खरं मला माहीत होतं. मुली पाण्याच्या टाकीपाशी गोल बसल्या होत्या. आमच्या पाड्यावर असंच ठरतं. सगळे बसतात, सगळे बोलतात, मग सगळे उठतात. पुढारी कोणी नसतो. शेवंताबाई दारातून आमच्या बोलीत एवढंच म्हणाली, "रस्ता तापलाय. चपला घालून जा."

तिचा जबाब मी इंग्रजीत लिहिला. तिच्या तोंडी वाक्य घातलं: मी मुलींना इन्स्टिगेट केलं.

हे क्रियापद वर्गात मीच शिकवलं होतं. फळ्यावर अर्थ लिहिला होता. चिथावणे, एखादं काम करायला लावणे. बहुतेक वाईट कामासाठी वापरतात, असंही सांगितलं होतं. वरचे साहेब चौकशी सुरू करतात, त्यालाही इंग्रजीत 'इन्स्टिगेट'च म्हणतात. पण त्या शब्दाने साहेबांची नोकरी जात नाही.

शेवंताबाईने विचारलं, "गुरुजी, काय लिहिलंय?"

"पोरी चालत गेल्या, एवढंच."

तिने अंगठा दिला. आपल्या बोलीतला माणूस म्हणून दिला.

आठवड्यात तिला काढलं. मी निवृत्त होईपर्यंत गप्प राहिलो. ती आता नवापूरला कोंबड्यांच्या शेडमध्ये झाडते. मागच्या महिन्यात जाऊन तिला सगळं सांगितलं. ती झाडत राहिली.

काल खरं लिहून प्रकल्प ऑफिसात नेलं. क्लार्कने कागद परत सरकवला.

"बाबा, फाइल कवयनीच बंद व्हई गई. आते कोनी भरी दिधं तुम्हले?"

पोच दिली नाही. मी पायऱ्या उतरलो. त्या दिवशी जबाब लिहून शाळेच्या पायऱ्या उतरलो होतो तसाच.

उद्या परत जाणार आहे. कागदावर तिचे शब्द आमच्या बोलीत आहेत, खाली मराठीत. माझं खोटं माझ्या नावाने आहे. पोचेचा शिक्का पडेपर्यंत त्या टेबलासमोरून उठणार नाही. हे कोणी मनात भरवलं, असं परत विचारलं तर सांगेन. मला चढवलं होतं ते तेव्हा, मुख्याध्यापकांच्या खोलीत. आज माझ्या पायांनी आलोय.